पुढच्या घरी जाईपर्यंत



'माझा आवडता प्राणी' हा निबंध तुम्ही कधीतरी लिहिला असेल, नाहीतर लिहून घेतला असेल. सुरुवात ठरलेली असते. 'कुत्रा हा इमानदार प्राणी आहे.' मग त्याचे चार पाय, दोन डोळे, एक शेपूट. शेवट पण ठरलेला. 'म्हणून मला कुत्रा फार आवडतो.' जालना जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी कितीतरी वर्षं हे निबंध तपासते आहे. निबंध तपासत असताना तोच इमानदार प्राणी बाहेर खिचडीच्या खोलीमागे उष्टं शोधत असतो, आणि निबंध लिहिणारं लेकरू मधल्या सुट्टीत त्याच्यावर दगड उचलत असतं.

आजचा लेख आवडत्या प्राण्यावर नाही, एका कामावर आहे. आई नसलेली, रस्त्यावरची पिल्लं काही आठवडे घरात सांभाळायची, धडधाकट करायची आणि चांगलं घर बघून देऊन टाकायची, असं ते काम. मोठ्या शहरांत याला 'फॉस्टर करणं' म्हणतात. तिथे मदतीला संस्था असतात. पुण्यात २००७ पासून रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहे, मुंबईत परळला एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे. आपल्याकडे खेड्यात संस्थाही नाही आणि या कामाला वेगळा शब्दही नाही. विचारणाऱ्याला मी एवढंच सांगते, 'पुढच्या घरी जाईपर्यंत माझ्याकडे आहेत.'

पिल्लं दिवाळीनंतरच का दिसतात?

गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल की कुत्र्यांचा हंगाम भाद्रपदातला. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे नऊ आठवड्यांचा असतो. भाद्रपदात नऊ आठवडे मिळवा. कार्तिक येतो. म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की गंजीच्या आडोशाला, पुलाखाली, शाळेच्या मागच्या भिंतीला पिल्लं सापडतात.

याच दिवसांत आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आईबाप कारखान्यावर जातात. काही लेकरं सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही गावात आजीजवळ. पाडव्याच्या आसपास आईबाप परत येईपर्यंत ती कुणाच्या तरी सांभाळात असतात.

त्या वर्षी पिल्लांची बातमी मला दिली ती अशाच एका लेकराने. चौथीतली मुलगी, आजीजवळ राहणारी. 'मॅडम, पाच हायेत. त्यांची माय रोडवर मेली. पाच दिवस झाले म्हणून लेकरं ओरडायलेत.' बाकीची पोरं सांगायला आली ती 'पिल्लं किती मस्त आहेत' म्हणून. हिने मात्र पहिल्यांदा सांगितलं ते त्यांच्या आईचं.

आधी थांबा, मग उचला

पिल्लं दिसली की लगेच उचलायची नाहीत. कुत्री अन्न शोधायला जाते, दोन-तीन तास येत नाही. आपण तिची पिल्लं 'अनाथ' समजून घरी आणली, तर आपणच ती अनाथ केली. लांब उभं राहून काही तास लक्ष ठेवा. पिल्लं शांत झोपलेली आणि पोट भरलेली दिसली तर आई येऊन जाते आहे असं समजा आणि आईलाच रोज भाकर-पाणी द्या. पिल्लं आठ आठवडे आईजवळ राहिली तर त्याहून चांगलं काही नाही.

आमच्या पिल्लांची आई अंबड रोडला पडलेली अनेकांनी पाहिली होती, आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी पाच दिवस पिल्लांसमोर भाताचं पाणी ठेवत होत्या. वय साडेतीन आठवड्यांचं असावं. डोळे उघडलेले (ते दहा ते चौदा दिवसांत उघडतात) आणि दुधाचे दात नुकते टोचू लागलेले. एका शेतकऱ्याकडून मोसंबीचं रिकामं कॅरेट घेतलं, खाली गोणपाट टाकलं आणि पाचही घरी आणली. 'जालना सोने का पालना' ही म्हण तुम्हाला माहीत आहेच. आमचा पालना प्लॅस्टिकचा होता, आणि त्याला मोसंबीचा वास येत होता.

घरी आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दारातच उभ्या होत्या. 'देवघर हाये घरात, ध्यानात ठिव,' एवढंच म्हणाल्या. पिल्लांना मागच्या पडवीत जागा मिळाली. तिसऱ्या रात्री थंडी वाढली, तेव्हा स्वतःची जुनी गोधडी त्यांनीच कॅरेटवर टाकली. देवघराचा विषय पुन्हा निघाला नाही.

सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

हे विस्ताराने लिहिते, कारण माया सगळ्यांकडे असते. पिल्लं दगावतात ती माहितीअभावी.

पहिली गोष्ट ऊब. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये, त्याला ते पचत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा, अंग कोमट झालं की मग दूध.

दुसरी गोष्ट दूध. गाईचं दूध पिल्लाला पुरत नाही. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा दुपटीहून जास्त प्रथिनं आणि स्निग्धांश असतात. नुसतं गाईचं दूध पाजलं की जुलाब लागतात. पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते. फार लहान पिल्लाला पाजताना माणसाच्या बाळासारखं आडवं, पाठीवर धरू नका, दूध फुफ्फुसात जातं. पोटावर ठेवून, मान किंचित वर, असं पाजा. तीन आठवड्यांच्या आतलं पिल्लू स्वतः लघवी-शीसुद्धा करत नाही. आई चाटते तेव्हा ते होतं. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून ते आपणच करून घ्यायचं.

तिसरी गोष्ट वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. पिल्लू बोलत नाही, पण वजन बोलतं. एक दिवस वाढ थांबली की लक्ष द्यायचं, घटलं की डॉक्टरांकडे जायचं.

चौथी गोष्ट जंत. दोन आठवड्यांच्या वयापासून, दर पंधरा दिवसांनी, डॉक्टरांनी वजनावर सांगितलेलं औषध. आपल्याकडे लोक 'ढोरांचा दवाखाना' म्हणतात, पण तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्याचं पिल्लूही दाखवता येतं.

आणि पाचवी, शिक्षक म्हणून मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट, रेबीज. पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज नसतो, हा समज चुकीचा आहे. पिल्लं आणण्याआधीच मी स्वतः प्रतिबंधक लस घेतलेली होती. वर्गातल्या एकाही मुलाला मी पिल्लांना हात लावू दिला नाही, कितीही हट्ट केला तरी. मुलांना पाठ करून घेतलं: कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडा आला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, घरी लपवायचं नाही आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. लस तिथे मोफत मिळते. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर उपाय उरत नाही. १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वाचवलं. एवढी जुनी लस असूनही आज माणसं मरतात, ती बहुतेक वेळा वेळेवर दवाखान्यात न गेल्यामुळे.

निळी रेघ

पाचही पिल्लं दिसायला सारखीच, भुरी. ओळखायला गळ्यात लोकरीचे सैल धागे बांधले. लाल, पिवळा, हिरवा, निळा, पांढरा. पोरांनी नावं सुचवली, शेरू, टायगर, राणी. मी म्हटलं, नाव आपण ठेवायचं नाही. बारसं ज्याच्या घरी, नाव त्याने ठेवायचं. आपल्यासाठी ती रंगानेच.

रोजचं वजन मी वर्गात सांगायची आणि मुलं मोठ्या तक्त्यावर आलेख काढायची. पहिल्या दिवशी लाल ८२० ग्रॅम, निळा ९१०. किलो-ग्रॅमचा धडा असा जिवंत कधीच शिकवून झाला नव्हता. 'मॅडम, पिवळीने काल फक्त वीस ग्रॅम वाढवले, तिला इतर खाऊ देत नाहीत का?' असं विचारणारी पोरं एरवी वजाबाकीला तोंड लपवणारी होती.

सहा आठवडे पूर्ण होताच पहिली लस द्यायची होती. दिवस ठरला होता. त्याच्या तीन दिवस आधी निळा जेवला नाही. संध्याकाळी उलटी, रात्री रक्ताचे जुलाब आणि एक वेगळाच कुबट वास. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, पार्वो.

हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. तो आतड्यावर हल्ला करतो. त्याला थेट मारणारं औषध नाही. सलाईन लावायचं, दुसरा जंतुसंसर्ग होऊ द्यायचा नाही आणि पिल्लाच्या अंगात किती ताकद आहे याची वाट बघायची. लागण झाल्यापासून तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात. मातीत तो अनेक महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही. त्यासाठी एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी असं मिश्रण लागतं. आम्ही पडवी धुतली, गोणपाट जाळलं, बाकीच्या चौघींना वेगळं केलं. (चौघी म्हणते खरी, पण त्यांत पांढरा नर होता. तीन माद्या आणि एक नर उरले होते.)

निळा विसाव्या दिवशी पहाटे गेला. सर्वांत वजनदार तोच होता.

वर्गात काय सांगायचं? मी सरळ सांगितलं. गावी गेला, कुणी घेऊन गेलं, असं काही सांगितलं नाही. आमच्या पोरांना 'येतील हं' या शब्दांचा फार अनुभव असतो. त्यांना आणखी एक खोटं देण्यात अर्थ नव्हता. तक्त्यावर चार रेघा पुढे गेल्या आणि निळी तिथेच थांबली. एकाने विचारलं, 'मॅडम, निळी पुसायची का?' दुसऱ्याच कुणीतरी उत्तर दिलं, 'नाय. तेवढी तर होती ना.' ती रेघ वर्ष संपेपर्यंत तशीच राहिली.

लालला दोन दिवस जुलाब झाले, पण ती सावरली. डॉक्टरांनी सगळ्या धडधाकट आहेत असं बघून आठव्या आठवड्यात लस दिली. तुमच्यासाठी वेळापत्रक लिहून ठेवते: पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांनी, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. लस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावरच्या मातीत फिरवायचं नाही.

'नर आहे का?'

आता घरं शोधायची होती. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकले. फोन भरपूर आले. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच: 'नर आहे का?' पांढऱ्यासाठी नऊ जण तयार होते. तो सहज गेला, जालन्यात एका निवृत्त शिक्षकांच्या घरी. 'मादी आहे' म्हटलं की पलीकडून 'बघतो, सांगतो' आणि फोन बंद.

वर्गात हे कळलंच. एक मुलगी म्हणाली, 'माद्या कुणालाच नको का, मॅडम?' वर्गातल्या बाकीच्या मुली गप्प होत्या. मला तो प्रश्न नुसता कुत्र्यांचा वाटला नाही. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. आपण ज्या मातीत राहतो तिथे हा प्रश्न लहान मुलीने विचारला की त्याला नीट उत्तर द्यावं लागतं.

मी म्हटलं, लोकांची अडचण खरी आहे. मादी वर्षातून दोनदाही विते, एका वेळी चार-सहा पिल्लं. ती कोण सांभाळणार? पण या अडचणीला उपाय आहे. साधारण सहा महिन्यांनंतर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्यायची. आपल्या भागातून संभाजीनगर जवळ, परतूर-मंठ्याकडच्यांना परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ. एकदा ते झालं की मादी राखणीला नराइतकीच चांगली. उपाय असताना नको म्हणणं ही अडचण राहत नाही, सवय होते.

मग मी वहीच्या पानावर घर देण्याच्या अटी लिहिल्या. उरलेल्या लसी देईन. सहा महिन्यांनी नसबंदी करीन. चोवीस तास साखळीला बांधणार नाही. गावाला जाताना सोय करून जाईन. आणि सांभाळणं नाही झालं तर रस्त्यावर न सोडता इथेच परत आणून देईन. कायद्यानेही, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, प्राण्याला उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं गुन्हा आहे. खाली सही. लोक हसले. 'कुत्र्याच्या पिल्लाला करारनामा?' जे हसून निघून गेले, त्यांना द्यायचंच नव्हतं. चाळणी अशीच चालते.

हिरवी मोसंबीच्या बागेतल्या शेतवस्तीवर गेली. पिवळी शेजारच्या गावातल्या एका दुकानदारांकडे. लाल उरली.

तेव्हा ती चौथीतली मुलगी आजीला घेऊन घरी आली. मला लाल तिला द्यावीशी फार वाटत होती, पण पिल्लं तिला सापडली म्हणून पिल्लू तिला, असं करता येत नाही. मी आजीला तेच प्रश्न विचारले जे दुकानदारांना विचारले होते. पोरीला पुढच्या वर्षी आईबापाने सोबत नेलं तर? घराला कुलूप लागणार का? आजी म्हणाल्या, 'कुलूप कशाला लागंल? मी कुठं जायले? मी हितंच हाये.' मग मी सांगितलं की मादी आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल. त्या म्हणाल्या, 'मादी हाये तर हाये. आम्ही दोघी बी बायाच की. रातच्याला भुंकंल तरी.' आणि अंगठा उठवला. शस्त्रक्रियेला मी सोबत येईन, असं मीही त्याच पानावर लिहून सही केली.

लालचं नाव त्यांनी 'साखर' ठेवलं. उसाच्या घरचं नाव.

लोक विचारतात

'माणसाची लेकरं उपाशी आहेत, तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात?' हा प्रश्न तुम्हालाही विचारतील. रागावू नका. कुत्रा चावलेलं लेकरू ज्या घरात आहे, त्या घराची भीती खरी असते. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हलवावीत, त्यांची नसबंदी-लसीकरण करून निवारागृहात ठेवावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश दिला, तो याच भीतीपोटी. पण हिशोब करून बघा. ती पाच पिल्लं शाळेमागेच राहिली असती तर जी जगली असती ती लस नसलेली, माणसाला बुजणारी किंवा चावणारी कुत्री झाली असती, आणि त्यातल्या माद्या पुढच्या भाद्रपदानंतर पुन्हा तिथेच व्याल्या असत्या. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला माणसाची जी सवय लागते ती आयुष्यभर टिकते. तेवढे आठवडे कुणीतरी दिले, तर कुत्राही सुधारतो आणि गल्लीही.

नामदेवांची भाकर कुत्र्याने पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट आपण शिकवतो. नामदेव आपल्याच मराठवाड्यातल्या नर्सीचे. पैठणच्या एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाणी पाजलं, तेही शिकवतो. गोष्ट सांगून झाली की शाळेच्या मागच्या भिंतीकडे एकदा बघून यायचं, एवढंच मला सुचवायचं आहे.

'देऊन टाकताना वाईट नाही वाटत?' हाही प्रश्न असतो. वाटतं. पडवी रिकामी झाली त्या दिवशी आत्याबाईंनी दोन भाकरी जास्त केल्या होत्या. पण ठेवून घेतलं असतं तर कॅरेट भरलेलंच राहिलं असतं, आणि पुढच्या कार्तिकात सापडणाऱ्यांना जागा उरली नसती. आपण शिक्षक तरी दुसरं काय करतो? जूनमध्ये घेतो, एप्रिलमध्ये देऊन टाकतो. सांभाळलेलं आपलं असावंच असं नाही, ते धडधाकट असावं आणि पुढे ज्या दारात जाईल तिथे त्याची वाट पाहणारं कुणीतरी असावं.

वर्गात करून पाहा

१. 'माझा आवडता प्राणी' ऐवजी 'मी आठ दिवस पाहिलेला प्राणी' असा निबंध द्या. मुलांनी लांबूनच निरीक्षण करावं आणि जे पाहिलं तेवढंच लिहावं.

२. कुत्रा चावल्यावर काय करावं, याचा तक्ता मुलांच्या अक्षरात करून व्हरांड्यात लावा. २८ सप्टेंबर, जागतिक रेबीज दिन, हा त्यासाठी चांगला मुहूर्त.

३. भाद्रपदातच गावातल्या माद्यांची मोजणी करा आणि नसबंदीसाठी ग्रामपंचायतीला वर्गाच्या वतीने अर्ज लिहा. पत्रलेखनाचा धडाही होईल.

४. मुलांना विचारा: तुम्हाला कुणी, कधी, किती दिवस सांभाळलं? उत्तरं वहीत लिहू द्या. तपासताना लाल पेन बाजूला ठेवा.